इंग्रजीचीं जोडक्रियापदें

श्रोतेहो, इंग्रजी भाषेंत ‘टेक’ हा अगदीं साधा शब्द आहे. त्याचा अर्थ घेणें. ‘ऑफ’ हा त्याहूनहि साधा. त्याचा अर्थ दूर, वेगळा. हे दोन्ही शब्द इंग्रजीच्या पहिल्याच पुस्तकांत मुलांना भेटतात. पण ते एकत्र आले म्हणजे काय चमत्कार होतो पाहा. अंगांतला कोट काढणें म्हणजे ‘टेक ऑफ’. विमानानें धांवपट्टी सोडून आकाशांत चढणें म्हणजेहि ‘टेक ऑफ’. एकाद्याची हुबेहूब नक्कल करणें म्हणजेहि ‘टेक ऑफ’. कोणी न सांगतां सवरतां निघून गेला, कामावरून एक दिवसाची रजा घेतली, किंवा एकादा धंदा एकाएकीं भरभराटीस लागला, तरी तेच दोन शब्द. ‘घेणें’ आणि ‘दूर’ यांची बेरीज कितीहि वेळां केली तरी तींतून नक्कल किंवा भरभराट निघत नाहीं. अर्थ जोडींत आहे, सुट्या शब्दांत नाहीं.

अशा जोडीला इंग्रजी व्याकरणांत ‘फ्रेजल व्हर्ब’ असें नांव आहे. आजच्या भाषणापुरतें आपण तिला जोडक्रियापद म्हणूं. आधीं गेट, गिव्ह, गो, कम, पुट, टेक, टर्न, लुक यांसारखें एक लहानसें क्रियापद. आणि त्याच्या मागोमाग अप, डाऊन, इन, आउट, ऑन, ऑफ यांसारखें एकादें अव्यय. इंग्रज माणूस सकाळीं उठतो तें ‘गेट अप’, कपडे चढवितो तें ‘पुट ऑन’, दिवा मालवितो तें ‘टर्न ऑफ’, कोशांत शब्द पाहतो तें ‘लुक अप’, मुलें वाढवितो तें ‘ब्रिंग अप’, आणि विडी सोडतो तें ‘गिव्ह अप’. या क्रियापदांवांचून त्याला एक दिवसहि काढतां येणार नाहीं.

आपल्याकडील सुशिक्षित मंडळींत मात्र यांच्याविषयीं एक समजूत फार दिवस रूढ आहे. जोडक्रियापदें म्हणजे बोलण्यांतली सैल, कांहींशी बाजारी इंग्रजी. भारदस्त इंग्रजी म्हणजे ‘सरेंडर’, ‘टॉलरेट’, ‘पोस्टपोन’, ‘इन्व्हेस्टिगेट’ अशा वजनदार शब्दांची, असें पुष्कळांना वाटतें. इतिहास पाहिला तर प्रकार नेमका उलट दिसतो. इंग्रजी भाषा हा एक वाडा मानला, तर हीं लहान क्रियापदें त्याच्या माजघरांतलीं आहेत. आणि ते वजनदार शब्द बाहेरून येऊन ओसरीवर स्थिरावलेले पाहुणे आहेत. आपण त्या वाड्यांत ओसरीच्या बाजूनें शिरलों, म्हणून पाहुण्यांनाच घरधनी समजून बसलों. हें कसें झालें, तेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम या जोडीचें कूळ पाहूं. संस्कृत शिकलेल्या श्रोत्यांना ‘हृ’ हा धातु आठवत असेल. त्याला ‘प्र’ लागला कीं प्रहार, ‘आ’ लागला कीं आहार, ‘वि’ लागला कीं विहार, आणि ‘सम्’ लागला कीं संहार. धातु एकच, पण उपसर्ग बदलतांच मारणें, जेवणें, हिंडणें आणि नाश करणें असे चार निराळे अर्थ होतात. इंग्रजीचें ‘टेक ऑफ’ याच जातीचें आहे. आणि येथें नुसतें साम्य नव्हे, रक्ताचें नातें आहे. इंग्रजीचा ‘ऑफ’ आणि ‘अपहार’ शब्दांतला आपला ‘अप’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत. तसेच ‘आउट’ आणि ‘उद्’, ‘ओव्हर’ आणि ‘उपरि’. इंग्रजीचा ‘अप’ मात्र नांवानें फसवितो. तो आपल्या ‘अप’चा नव्हे, ‘उप’चा भाऊबंद आहे.

हें नातें आणखी खोल जातें. अभिजात संस्कृतांत उपसर्ग धातूच्या आधीं आणि त्याला चिकटूनच आला पाहिजे. वैदिक भाषेंत हें बंधन नव्हतें. पाणिनीनें आपल्या व्याकरणांत स्पष्ट नोंद केली आहे कीं, वेदांत उपसर्ग धातूच्या नंतरहि येतो, आणि दोहोंमध्यें दुसरे शब्दहि येऊं शकतात. इंग्रजींत आज असाच प्रकार चालतो. ‘टेक ऑफ द कोट’ म्हणा किंवा ‘टेक द कोट ऑफ’ म्हणा, दोन्ही शुद्ध. पण कोटाच्या जागीं सर्वनाम आलें तर तें मध्येंच बसलें पाहिजे, ‘टेक इट ऑफ’. वर्गांत हा नियम शिकवितांना मुलें कपाळाला आंठ्या घालीत. अशा वेळीं मीं त्यांना सांगत असें कीं, हा साहेबाचा लहरीपणा नव्हे. आपल्या पूर्वजांच्या बोलण्यांतहि शब्दांना अशीच मोकळीक होती.

आतां इंग्लंडांत जाऊं. अकराव्या शतकापूर्वींची जी जुनी इंग्रजी, तींत असें अव्यय पुष्कळदां क्रियापदाच्या आधीं येई, आणि कित्येकदां उपसर्गासारखें त्याला चिकटलेलें असे. जर्मन भाषेनें ही रीत अजून अर्धी राखली आहे. सोडून देणें याला जर्मन शब्द ‘आउफगेबेन’, म्हणजे ‘अप’ आधीं आणि ‘गिव्ह’ नंतर; पण साध्या वाक्यांत त्याचे दोन तुकडे होऊन ‘आउफ’ शेवटीं जातें. इंग्रजींत त्या जुन्या रीतीचे अवशेष नामांत सांपडतात. मूल वाढविणें हें क्रियापद ‘ब्रिंग अप’, पण त्याचें नाम ‘अपब्रिंगिंग’. रोगाची सांथ सुरू होणें ‘ब्रेक आउट’, पण नाम ‘आउटब्रेक’. आंत येणें ‘कम इन’, पण घरांत येणारा पैसा ‘इनकम’. नुसतें पाहत उभें राहणें ‘लुक ऑन’, पण बघ्या तो ‘ऑनलुकर’. क्रियापदानें चाल बदलली; या नामांनीं जुनी वाट सोडली नाहीं.

चाल बदलण्याचें एक कारण समुद्रावरून आलें. इ. स. ७९३ मध्यें उत्तरेकडील नॉर्स लोकांनीं लिंडिस्फार्न बेटावरचा मठ लुटला. आणि पुढें दोन शतकांहून अधिक काळ डेन्मार्क व नॉर्वे या देशांचे लोक इंग्लंडावर चालून येत राहिले. त्यांतले पुष्कळ तेथेंच जमीन धरून शेतकरी झाले. १०१६ मध्यें तर कॅन्यूट हा डेनिश राजा इंग्लंडच्या गादीवरच बसला. लुटारू म्हणून आलेले लोक अशा रीतीनें शेजारी झाले. त्यांची भाषा जुन्या इंग्रजीची चुलत बहीण होती. पण तिनें जुने उपसर्ग बव्हंशीं टाकून दिले होते, आणि ‘वर’, ‘बाहेर’, ‘खालीं’ हे शब्द ती क्रियापदाच्या मागें ठेवी. सोडून देणें याला ते लोक ‘गेफा उप्प’ म्हणत. आजच्या ‘गिव्ह अप’शीं त्याचें साम्य उघड आहे. ‘टेक’, ‘गेट’, ‘कॉल’ आणि ‘कास्ट’ हीं क्रियापदें तर सबंधच त्यांची. घेणें याला जुन्या इंग्रजींत ‘निमन’ असा शब्द होता. तो मागें पडला आणि नॉर्स ‘टेक’ घरचा झाला. हेहि पाहुणेच, पण ते ओसरीवर न थांबतां थेट स्वयंपाकघरांत गेले.

नॉर्स भाषेचा वांटा किती आणि इंग्रजीचा स्वतःचा कल किती, याविषयीं अभ्यासकांत दुमत आहे. फळ मात्र दिसतें. पीटरबरो येथील मठांत जी बखर ११५४ पर्यंत लिहिली जात होती, तिच्या अखेरच्या भागांत ‘गिव्ह अप’ हें जोडक्रियापद, ताब्यांत देणें या अर्थानें, जुन्या रूपांत आलेलें आहे. म्हणजे ज्याला आपण अलीकडची बोली म्हणून नाक मुरडतों, त्या प्रयोगाला पावणेनऊशें वर्षें होत आलीं.

त्या बखरीच्या काळींच इंग्रजीवर दुसरें मोठें संकट आलेलें होतें. १०६६ मध्यें नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून राजा झाला, आणि दरबार, न्यायालय, सरदारांचे वाडे येथें फ्रेंच भाषा शिरली. धर्मपीठांची व विद्येची भाषा लॅटिन होतीच. इंग्रजी उरली ती शेतांत, गोठ्यांत आणि चुलीपाशीं. जवळजवळ तीनशें वर्षें हें असें चाललें. अखेर १३६२ मध्यें पार्लमेंटनें कायदा केला कीं, न्यायालयांत वाद इंग्रजींत चालावा, कारण फ्रेंच भाषा पक्षकारांना समजत नाहीं. गंमत अशी कीं, तो कायदा स्वतः फ्रेंचमध्येंच लिहिलेला होता.

या तीनशें वर्षांत इंग्रजींत दोन थर पडले. किल्ला शत्रूच्या हवालीं करणारा सरदार ‘सरेंडर’ करी. तेंच काम शेतकरी ‘गिव्ह अप’ या शब्दांनीं सांगे. वाड्यांत ‘एंटर’ होई, झोंपडींत ‘गो इन’. पुढें सोळाव्या शतकाच्या सुमारास विद्वानांनीं लॅटिनमधून आणखी शब्दांच्या राशी आणल्या, आणि मग दिवा विझविण्याला ‘पुट आउट’ व ‘एक्स्टिंग्विश’, काम पुढें ढकलण्याला ‘पुट ऑफ’ व ‘पोस्टपोन’, सोसण्याला ‘पुट अप विथ’ व ‘टॉलरेट’, चौकशी करण्याला ‘लुक इंटू’ व ‘इन्व्हेस्टिगेट’, अशा जोड्या तयार झाल्या. अर्थ बहुतांशीं एकच. पण एक शब्द चुलीजवळचा आणि दुसरा बैठकीचा.

चुलीजवळच्या भाषेला प्रतिष्ठा मिळवून देणारा एक पुरुष येथें सांगितला पाहिजे. विल्यम टिंडल यानें बायबलचा नवा करार मूळ ग्रीकवरून साध्या इंग्रजींत उतरविला, आणि १५२६ मध्यें तो छापून झाला. नांगरामागें चालणाऱ्या पोरालाहि धर्मग्रंथ कळावा, ही त्याची आकांक्षा होती. त्यावेळच्या धर्माधिकाऱ्यांना ती मानवली नाहीं. १५३६ मध्यें त्याला देहांताची शिक्षा झाली. पण १६११ मध्यें राजा जेम्सच्या आज्ञेनें जें बायबल प्रसिद्ध झालें, त्यांत त्याच्या शब्दयोजनेचा फार मोठा भाग तसाच राहिला. ‘राइज अप’, ‘गो आउट’, ‘कम डाउन’, ‘कास्ट आउट’ हीं क्रियापदें त्यामुळें दर रविवारीं देवळांत ऐकूं येऊं लागलीं. शेक्सपिअरच्या नाटकांतहि राजे आणि विदूषक दोघेहि तीं सारख्याच सहजतेनें वापरतात.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांचा १७५५ मध्यें प्रसिद्ध झालेला कोश. जॉन्सनचें नांव महाराष्ट्राला परकें नाहीं. त्याची ‘रासेलस’ ही कथा कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनीं मराठींत आणली, आणि १८७४ मध्यें सुरू झालेल्या निबंधमालेंत विष्णुशास्त्र्यांनीं त्याच्यावर विस्तारानें लिहिलें. आपल्या लोकांना जॉन्सन आवडला तो त्याच्या डौलदार, लॅटिन वळणाच्या वाक्यांसाठीं. पण तोच जॉन्सन कोशाच्या प्रस्तावनेंत सांगतो कीं, परक्यांना इंग्रजींत सर्वांत अधिक अडविणारी गोष्ट म्हणजे क्रियापदामागें अव्यय लागून होणारा अर्थाचा पालट. उदाहरणादाखल तो ‘गिव्ह ओव्हर’ म्हणजे थांबणें, ‘सेट आउट’ म्हणजे प्रवासास निघणें, ‘बेअर आउट’ म्हणजे समर्थन करणें, अशी मालिकाच देतो. त्या मालिकेंत ‘टेक ऑफ’हि आहे, आणि त्याचा तेथें दिलेला अर्थ नक्कल करणें हा आहे. एकट्या ‘टेक’ या शब्दाचे त्यानें १३४ अर्थ नोंदविले.

जॉन्सनच्या स्वतःच्या लेखणींतहि हे दोन थर होते. १७७३ मध्यें तो स्कॉटलंडच्या प्रवासाला गेला असतां, एका गलिच्छ खाणावळींत बिछान्यांतून अचानक एक काळाकुट्ट माणूस उठला. घरगुती पत्रांत त्यानें ही हकीकत चार सरळ शब्दांत, एक घाणेरडा इसम बिछान्यांतून टुणकन बाहेर पडला, अशी लिहिली. दोन वर्षांनीं प्रवासवर्णन छापलें तेव्हां तोच इसम लोहारशाळेंतून आलेला पुराणांतला राक्षस झाला, आणि वाक्याला भरजरी अंगरखा चढला. ही तफावत मेकॉलेनें आपल्या निबंधांत मोठ्या मार्मिकपणें दाखविली आहे. बोलणारा जॉन्सन माजघरांत होता. छापणारा जॉन्सन ओसरीवर येऊन बसला.

आणि याच मेकॉलेचें टिपण १८३५ मध्यें हिंदुस्थानांतील इंग्रजी शिक्षणाला कारण झालें. १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ निघालें, १८५९ मध्यें त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. आपल्या तरुणांना इंग्रजी भेटली ती कचेरींत, न्यायालयांत आणि अठराव्या शतकांतील निबंधकारांच्या पुस्तकांत. इंग्रजांच्या घरांत, त्यांच्या मुलांच्या खेळांत, त्यांच्या बाजारहाटांत तिची गांठ क्वचितच पडली. नॉर्मन लोकांच्या फ्रेंचनें जो थर इंग्रजीवर चढविला होता, तोच आपल्या हातीं मुख्यतः आला. म्हणून आपल्या अर्जांत ‘टर्मिनेट’ आणि ‘कमेन्स’ यांची रेलचेल, आणि ‘एंड’ व ‘बिगिन’ यांची लाज. अशी इंग्रजी चुकीची नव्हे. पण ती सदा अंगरखा घालून बसलेली असते.

आपण जीं थोडीं जोडक्रियापदें उचललीं, त्यांना आपलें वळणहि दिलें. निभावून नेणें याला इंग्रज नुसतें ‘कोप विथ’ म्हणतो. आपण ‘कीप अप विथ’च्या चालीवर ‘कोप अप विथ’ म्हणतों. महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणें याला आपण ‘पास आउट’ म्हणतों. लष्करी शाळेंतून शिक्षण पुरें करून निघणाऱ्या छात्रांसंबंधीं इंग्रजींत हा प्रयोग आहे. पण एरवीं इंग्रज घरांत ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपून पडणें. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेंत, ती १९४८ मध्यें सुरू झाल्यापासून, आपल्या देशांतल्या हजारों डॉक्टरांनीं आणि परिचारिकांनीं काम केलें आहे. तेथील म्हातारी रोगी वैद्यकाच्या पुस्तकांतला ‘व्हॉमिट’ हा शब्द वापरीलच असें नाहीं. ती ‘थ्रो अप’ किंवा ‘ब्रिंग अप’ म्हणेल. सूज उतरली हें ती ‘गो डाउन’ असें सांगेल, आणि चक्कर येऊन पडलें हें ‘पास आउट’ असें. दुखणें सांगतांना माणूस माजघरांतल्या भाषेंत बोलतो, आणि तेथें परीक्षेची इंग्रजी अपुरी पडते.

या शब्दांकडे विद्वानांचें नीट लक्ष विसाव्या शतकांत गेलें. ‘फ्रेजल व्हर्ब’ हें नांव लोगन पिअर्सल स्मिथ यानें १९२५ मध्यें आपल्या ग्रंथांत रूढ केलें. तें ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं आपणांस सुचविलें, असें तो सांगतो. १९३० मध्यें सी. के. ऑग्डन यानें परदेशीयांसाठीं ‘बेसिक इंग्लिश’ नांवाची ८५० शब्दांची छोटी भाषा मांडली, आणि तींत अवघीं १८ क्रियापदें ठेविलीं. ‘एंटर’ काढून ‘गो इन’, ‘सरेंडर’ काढून ‘गिव्ह अप’. १९४३ मध्यें हार्वर्ड येथील भाषणांत चर्चिलनेंहि तिचा पुरस्कार केला. शब्द थोडे झाले हें खरें. पण जॉन्सननें दाखविलेली अडचण तेथेंच राहिली. सोडून देणें हा अर्थ ‘गिव्ह’मध्यें नाहीं आणि ‘अप’मध्येंहि नाहीं, तो निराळा पाठ करावाच लागतो. यादींत ८५० शब्द दिसत, पण त्यांच्या जोड्यांतून उगवणारे अर्थ त्या यादींत मोजलेलेच नव्हते. पुढें परकी विद्यार्थ्यांसाठीं केवळ या क्रियापदांचे स्वतंत्र जाड कोश निघाले, यांतच सर्व आलें.

हीं क्रियापदें नव्या वस्तूंबरोबर नवीं कामें पत्करतात. जुन्या टेलिफोनचें कर्णयंत्र बोलणें संपल्यावर आंकड्याला टांगीत, म्हणून संभाषण बंद करणें म्हणजे ‘हँग अप’. आज खिशांतल्या यंत्राला आंकडा नाहीं, तरी शब्द तोच. जहाजावरच्या रोजनिशीला ‘लॉग’ म्हणत. तींत नोंद करणाऱ्या खलाशाचा शब्द संगणकानें घेतला आणि ‘लॉग इन’ झालें. ‘टेक ऑफ’चेंहि असेंच. एकोणिसाव्या शतकांत उडी घेणारा जमीन सोडतो तें ‘टेक ऑफ’ होतें. १९०३ मध्यें राइट बंधूंचें यंत्र उडाल्यानंतर तोच शब्द विमानांना मिळाला.

आणि याच शब्दानें एका भयंकर दिवशीं दगा दिला. २७ मार्च १९७७ रोजीं स्पेनच्या ताब्यांतील टेनेरिफ बेटाच्या विमानतळावर दाट धुकें होतें. एक अमेरिकन विमान धांवपट्टीवरच असतां, त्याच पट्टीच्या टोंकाला एक डच विमान निघण्याच्या तयारींत उभें होतें. डच विमान चालूं लागलें, आणि त्याच्या सहवैमानिकानें बिनतारी यंत्रावर, आपण आतां ‘ॲट टेक-ऑफ’ आहोंत, असें इंग्रजींत कळविलें. त्याच्या मनांत, आम्ही उड्डाण करीत आहोंत, असा अर्थ असावा. मनोऱ्यांतील स्पॅनिश नियंत्रकानें, उड्डाणाच्या जागीं थांबलों आहोंत, असा अर्थ घेतला. नियंत्रकानें थांबण्यास सांगितलें तें दुसऱ्या विमानाच्या संदेशाशीं एकाच क्षणीं गेल्यामुळें नीट ऐकूं आलें नाहीं. दोन्ही विमानें एकमेकांवर आदळून ५८३ माणसें मृत्युमुखीं पडलीं.

या अपघाताचीं कारणें अनेक होतीं. परवानगी नसतांना विमान हाकललें गेलें, हें मुख्य. सगळा दोष एका शब्दावर टाकणें न्याय्य होणार नाहीं. परंतु त्यानंतर विमानवाहतुकीच्या भाषेंत असा नियम झाला कीं, ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच उच्चारावा. एरवीं सर्वत्र ‘डिपार्चर’ म्हणावें. म्हणजे जेथें प्राणांचा प्रश्न आहे तेथें माजघरांतला शब्द कुलपांत ठेवून ओसरीवरचा, फ्रेंच घराण्यांतला शब्द मुद्दाम पुढें केला. ओसरीचाहि असा उपयोग आहे. ‘टेक ऑफ’चे अनेक अर्थ आहेत, हें त्याचें घरगुती वैभव, पण करारनाम्यांत, कायद्यांत, औषधाच्या सूचनेंत एका शब्दाला एकच अर्थ असणें बरें. तेथें ‘पोस्टपोन’ आणि ‘टर्मिनेट’ आपल्या जागीं शोभतात. उलट मित्राला पत्र लिहितांना, मुलांशीं बोलतांना, आजाऱ्याची विचारपूस करतांना हे शब्द आले, तर समोरच्याला नोटीस हातीं पडल्यासारखें वाटतें. कोणता शब्द श्रेष्ठ हा प्रश्नच नव्हे. आपण घराच्या कोणत्या खोलींत बोलत आहोंत, हा प्रश्न आहे.

श्रोतेहो, हें आपल्याला परकें वाटण्याचें कारण नाहीं. मराठींत अव्ययाऐवजीं आपण दुसरें क्रियापद जोडतों. ‘खाल्लें’ आणि ‘खाऊन टाकलें’, ‘गेला’ आणि ‘निघून गेला’, ‘बोलला’ आणि ‘बोलून बसला’, यांतला भेद आपल्या पांच वर्षांच्या नातवालाहि कळतो. तो त्याला कोणी शिकविला नाहीं. इंग्रजीचें ‘ईट अप’ म्हणजे आपलें ‘खाऊन टाक’, आणि ‘सिट अप’ म्हणजे आपलें ‘उठून बस’. कोणी परदेशी पाहुणा मराठी शिकून आला आणि ‘मीं भोजन समाप्त केलें’ असें म्हणाला, तर आपण त्याला हंसणार नाहीं. पण ‘मीं जेवून घेतलें’ असें म्हणाला, तर त्याला आणखी एक वाटी आमटी वाढूं. इंग्रजांच्या घरांतहि असेंच होतें.

म्हणून ज्यांच्या घरीं मुलें इंग्रजी शिकत आहेत त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. जोडक्रियापदांच्या शंभर-शंभरांच्या याद्या मुलांकडून घोकून घेऊं नयेत. ‘पुट’च्या पोटीं दहा अर्थ एकदम आले म्हणजे दहाहि विसरतात. त्यांना साध्या गोष्टी वाचूं द्याव्या, चांगलें बोलणें ऐकूं द्यावें, आणि एकादें जोडक्रियापद भेटलें कीं तें ज्या वाक्यांत भेटलें त्या वाक्यासह वहींत उतरवून ठेवावें. वाक्य लक्षांत राहिलें कीं अर्थ त्याच्याबरोबर राहतो. आणि मुलानें पत्रांत ‘टॉलरेट’ऐवजीं ‘पुट अप विथ’ लिहिलें, तर त्यावर तांबडी रेघ ओढण्यापूर्वीं पत्र कोणाला लिहिलें आहे तें पाहावें. मित्राला लिहिलें असेल, तर तें तसेंच राहूं द्यावें.